वामनाचे पहिले पाऊल

वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हिंगोलीतल्या कोणत्याही वस्तीतून चक्कर मारावी, घराघरांतून निघालेल्या निर्माल्यात वडाच्या फांद्या पडलेल्या दिसतात. एखादीला पांढरा दोरा गुंडाळलेला, एखादीवर हळदकुंकू. सात जन्मांचे मागणे मागून झाले की फांदीचे काम संपते. यावर दरवर्षी कुणीतरी लेख लिहितो आणि झाडापाशी जाऊन पूजा करा असे सांगतो; फांद्या दरवर्षी बाजारात येतातच. त्या वादात मला आज शिरायचे नाही. मला एवढेच सुचवायचे आहे की त्या ढिगात करंगळीइतक्या जाडीची, साल टवटवीत असलेली एखादी फांदी मिळाली तर ती उचलावी. शेंड्याकडची दोन पाने ठेवून बाकीची काढावीत, चीक वाहायचा थांबू द्यावा आणि फांदी ओलसर, वाळू मिसळलेल्या मातीत चार बोटे खोल खोचून सावलीत ठेवावी. ज्येष्ठातली पौर्णिमा आणि मृगाचा पाऊस मागेपुढेच असतात. वडाची फांदी रुजवायला याहून चांगला मुहूर्त पंचांगात सापडणार नाही. पाचातल्या दोन तरी धरतात आणि श्रावणात त्यांना नवी लाल टोकाची कोंबे दिसू लागतात.

बोन्साय शिकायचा असेल त्याने इथून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. दुकानातून नव्हे.

दुकानातला बोन्साय आता आपल्याकडेही मिळतो. चिनी मातीच्या चकचकीत भांड्यात नागमोडी खोडाचे फायकस, वर पांढरे खडे चिकटवलेले. वास्तुशांतीला, निवृत्तीच्या समारंभाला भेट म्हणून देतात. घरी आणल्यावर ते दूरदर्शन संचाशेजारी नाहीतर दिवाणखान्याच्या कोपऱ्यात विराजमान होते, आणि दोन-तीन महिन्यांत पाने गळून त्याची काटकी उरते. मग घरमालक म्हणतात, ‘‘बोन्साय आपल्या हवेत जगत नाही हो.’’ हवेचा काही दोष नसतो. वड-पिंपळाच्या कुळातल्या झाडाला ऊन लागते, आणि घराच्या आत ऊन नसते. खडे डिंकाने चिकटवलेले असले तर पाणी आत जातच नाही, वरच्यावर वाहून जाते. असे झाड भेट मिळालेच तर आधी ते खडे उपटावेत आणि झाड गच्चीवर न्यावे.

शब्दाचा अर्थ पाहिला तरी पुष्कळ गैरसमज दूर होतील. ‘बोन’ म्हणजे पसरट भांडे आणि ‘साय’ म्हणजे लावणे. भांड्यात लावलेले झाड, एवढेच. मराठीत आपण त्याला वामनवृक्ष म्हणू लागलो, आणि मला तो शब्द मूळ जपानी शब्दापेक्षाही आवडतो. ही कला आपल्याकडच्या वैद्यांनी शोधली आणि मग ती पूर्वेला गेली, असे अभिमानाने सांगणारे लोक भेटतात. त्यांच्याकडे पुरावा मागितला की विषय बदलतात. ठोस पुरावा चीनमधला आहे. तिथल्या एका तांग राजपुत्राच्या थडग्यात इसवी सन ७०६ च्या सुमाराची भित्तिचित्रे आहेत, त्यांत सेवकांच्या हातात छोट्या झाडांची तबके दिसतात. तिथून बौद्ध भिक्षूंबरोबर हा छंद जपानला गेला आणि तिथे त्याची कला झाली. १९२३ च्या भूकंपात तोकियो उद्ध्वस्त झाले, तेव्हा तिथले बोन्साय वाढवणारे लोक १९२५ मध्ये ओमिया या गावी जाऊन राहिले आणि त्यांनी बोन्सायचीच एक वस्ती वसवली. ती आजही आहे. आपल्याकडे पुण्या-मुंबईत या छंदाने चांगले मूळ धरले. २०१८ च्या फेब्रुवारीत पुण्यात शेतकी महाविद्यालयाच्या मैदानावर बोन्सायचे आंतरराष्ट्रीय संमेलन आणि प्रदर्शन भरले होते. पुण्यात भरते म्हणून हा पुणेकरांचा छंद, असे मात्र समजू नये. वड, पिंपळ, उंबर, चिंच, बोर ही झाडे आपल्या मराठवाड्याची आहेत आणि बोन्सायला ती उत्तम.

आता आक्षेपाकडे येते. कारण बोन्साय म्हटले की झाडाआधी आक्षेप उगवतो.

आपल्या मराठीत हा शब्द झाडांपेक्षा माणसांसाठीच जास्त वापरतात. शिकवण्यांच्या ओझ्याखाली मुलगा दबला की ‘मुलाचा बोन्साय केला’, हुशार सुनेला घरात बसवले की ‘तिचा बोन्साय झाला’. महिला दिनाच्या भाषणांत तर हे हमखास ऐकावे. माझ्या सासूबाईंना असली भाषणे माहीत नव्हती, पण मी परळात लावलेला वड त्यांनी पाहिला तेव्हा त्याही हेच म्हणाल्या. ‘‘अगं, ज्याच्या पारावर गाव बसतं, त्याला तू ताटलीत बसवलंस? पाप लागेल हो.’’ आणि थोड्या वेळाने, अगदी काळजीने, ‘‘त्याचं पोट तरी भरतं का तेवढ्यात?’’

मला त्यांचा हा दुसरा प्रश्न फार मोलाचा वाटतो. कारण सगळा गैरसमज पोटाचाच आहे. बोन्साय उपाशी ठेवून लहान राहतो असे बहुतेकांना वाटते. उपाशी ठेवलेले झाड लहान राहत नाही, ते पिवळे पडते, कीड लागते आणि मरते. बोन्सायला खत, पाणी, ऊन सगळे वेळच्या वेळी द्यावे लागते. तो लहान राहतो तो शेंडे खुडल्यामुळे आणि दोन वर्षांतून एकदा मुळे छाटल्यामुळे. चहाचे झाड मोकळे सोडले तर पुरुषभर उंचीच्या कितीतरी वर जाते. मळ्यात ते खुडून खुडून कमरेएवढे ठेवतात आणि तो चहा आपण दिवसातून दोनदा पितो. नाशिक-सांगलीकडे द्राक्षाच्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. आपल्याच भागात मोसंबीचा बहार धरायचा म्हणून शेतकरी झाडाचे पाणी तोडतो, पाने गळेपर्यंत ताण देतो. त्या ताणाला कुणी पाप म्हणत नाही, आणि म्हणूही नये. मग माझ्या वडानेच काय घोडे मारले?

झाडाचा स्वभावही यात बदलत नाही. पाने लहान होतात. फुले आणि फळे मात्र जवळजवळ मूळच्याच मापाची येतात. वीतभर झाडाला बोटभर चिंच लोंबताना दिसते तेव्हा मुलांना हसू आवरत नाही. त्या चिंचेतला चिंचोका जमिनीत पेरला तर त्याचे थोरले झाड होते. एवढेच काय, बोन्सायच कुंडीतून काढून जमिनीत लावला तर तोही वाढू लागतो. हे मी ऐकीव सांगत नाही. गच्चीवर आठ वर्षे काढलेली एक चिंच मी आमच्या शेताच्या बांधावर लावली. पहिले वर्ष ती तशीच रुसून बसली, दुसऱ्या पावसाळ्यात तिने जोर धरला, आणि आज तिच्या सावलीत बैल बांधतात. खोडाचे जुने वळण तेवढे बुंध्याशी राहिले आहे, ते माझ्याशिवाय कुणाला कळत नाही.

खरा छळ पाहायचा असेल तर रस्त्यावर पाहावा. बुंध्याला खेटून ओतलेले सिमेंट, त्यात पाणी जायला बोटभर फट नाही. खोडात ठोकलेले खिळे आणि त्यांवर शिकवणी वर्गांच्या पाट्या. विजेच्या तारांखाली एका बाजूने तासलेला कडुनिंब. रस्ता रुंद होताना तर जुने वड उभे कापले जातात आणि बदल्यात लावलेल्या रोपांभोवती नुसत्या लोखंडी जाळ्या उरतात. यावर न बोलता माझ्या परळातल्या वडासाठी हळहळणाऱ्यांना मी सरळ विचारते, की तुमच्या दारासमोरच्या झाडाचे आळे शेवटचे कधी केले होते?

तरीही आक्षेपात एक गोष्ट खरी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. बोन्साय सावली देत नाही. त्यावर घरटे होत नाही. पारही बांधता येत नाही. म्हणून बोन्साय म्हणजे वृक्षप्रेम आणि तो केला की पर्यावरणाचे कार्य झाले, असे कुणी सांगत असेल तर ते मला पटत नाही. आमच्या घरी नियम आहे, परळात एक झाड बसवले की जमिनीत एक लावायचे. माझ्या गच्चीवर आज अकरा आहेत. बांधावरची अकराही जगलेली आहेत, एक-दोनदा पुन्हा लावावी लागली तरी.

आता कामाचे बोलू. पहिल्यांदा करणाऱ्याला झाड कुठून मिळेल? वडाची फांदी सांगितलीच. दुसरी जागा म्हणजे भिंती. जपानी लोक डोंगरातून वाऱ्यापावसाने खुरटलेली झाडे शोधून आणतात, त्याला ‘यामादोरी’ म्हणतात. आपण जंगलात जाऊन झाडे उपटू नयेत. कायद्यानेही नाही आणि गरजही नाही. आपल्या गावांतले पडके वाडे, जुन्या आडांची बांधकामे, गच्चीवरच्या पन्हाळीचे तोंड, जिथे जिथे पाखरू बसते तिथे तिथे त्याच्या विष्ठेतून पिंपळ-उंबर उगवतो. तो तिथे वाढला तर भिंत फोडणार, म्हणून कुणीतरी त्याच्यावर रॉकेल नाहीतर तेजाब ओततेच. असे रोप घरमालकाला विचारून काढावे. पावसाळ्यात, भिंत ओली असताना, छिन्नीने बाजूचा चुना सैल करून जेवढे मूळ येईल तेवढे घ्यावे. निम्म्याहून अधिक पाने खुडावीत आणि रोप मोठ्या कुंडीत लावून महिनाभर सावलीत ठेवावे. भिंतीत दहा वर्षे अडकून पडलेल्या पिंपळाचे खोड असे पिळदार असते की तसे करायला आपल्याला तारा बांधून जन्म गेला असता.

मोठ्या कुंडीत म्हटले, ते मुद्दाम. नवख्या माणसाला घाई होते ती झाड पसरट भांड्यात बसवण्याची. पसरट भांड्यात गेले की खोड जाड होणे जवळजवळ थांबते. म्हणून आधी तीन-चार वर्षे ते जमिनीत किंवा तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात, तळाला भोके पाडून, मनसोक्त वाढू द्यावे; खोड अंगठ्यापेक्षा जाड झाले की मग वरून कापावे आणि परळात आणावे. तोपर्यंत धीर धरवत नसेल तर चिंच लावावी. चिंचेची पाने मुळातच बारीक, लहानपणापासूनच झाड म्हातारे दिसते, आणि संध्याकाळी पाने मिटून झोपते तेव्हा घरातली लहान मुले तिच्याभोवती कुजबुजत बोलतात. बोगनवेलही सोपी. जेड तर इतका सोशीक की विसरलात तरी चालते. बाभळीच्या वाटेला मात्र नवख्याने जाऊ नये. तिला मुळांची छेडछाड सोसत नाही.

भांड्यासाठी बाजारात जायची गरज नाही. आपल्या कुंभाराला परातीसारखे पसरट, बोटभर उंच काठाचे आणि तळाला दोन मोठी भोके असलेले भांडे करून मागावे. तो आधी आपल्याकडे विचित्र नजरेने पाहील. भोके पाडलेले भांडे कशाला, म्हणून. भोकांवर खिडकीच्या जाळीचा तुकडा ठेवायचा, म्हणजे माती वाहून जात नाही.

मातीबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण हिंगोलीत नवख्यांची झाडे बहुतेक मातीने मरतात. आपल्याला काळ्या मातीचा अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. कापूस, सोयाबीन, हळद त्याच मातीत येते. पण परळात काळी माती चालत नाही. ओली झाली की फुगून चिकट गोळा होते, मुळांना हवा मिळत नाही. वाळली की भेगा पडून मुळे तुटतात. शेतात खोली असते म्हणून हे निभावते, चार बोटे भांड्यात निभावत नाही. म्हणून विटांचा चुरा चाळून घ्यावा. ज्वारीच्या दाण्याएवढा ठेवावा, धूळ टाकून द्यावी. तितकाच चाळलेला मुरूम किंवा धुतलेली जाड वाळू, आणि तितकेच पुरते कुजलेले शेणखत. ताजे शेणखत घातले तर हुमणी येते आणि मुळे खाते. काळी माती घालायचीच असेल तर चिमूटभर, गावची म्हणून.

आता पाणी. इथे मला दरवर्षी कुणीतरी टोकते, की नळाची वाट पाहणाऱ्या गावात हा छंद म्हणजे चैन नाही का? सिद्धेश्वर, येलदरी, इसापूर अशी धरणे भोवताली असून उन्हाळ्यात आपण टँकर पाहिलेले आहेत, तेव्हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर मापाने देते. एका मध्यम परळाला मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ मिळून दोन लिटर पाणी लागते. अकरा झाडांचे बावीस लिटर, म्हणजे मोठी दीड बादली. त्यातले निम्मे आमच्याकडे तांदूळ-डाळ आणि भाजी धुतलेल्या पाण्यातून निघते. साबणाचे पाणी मात्र चालत नाही. बोअरचे पाणी जड असते, त्याने परळाच्या काठावर आणि खोडाच्या बुडाशी पांढरा थर धरतो. तो दात घासायच्या जुन्या ब्रशने काढावा आणि पावसाळ्यात चार दिवस झाडे भर पावसात ठेवून माती आतून धुऊन निघू द्यावी.

रोज अमुक वाजता पाणी घालायचे, असा नेम करू नये. बोट मातीत पेरभर घालून पाहावे. ओल लागली तर थांबावे, कोरडे लागले तर भोकांतून खाली गळेपर्यंत घालावे. थंडीत एक दिवसाआड पुरते. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा दोनदा द्यावे लागते, आणि दुपारी बारा ते चार हिरव्या जाळीची सावली हवी. परळाखाली ओले गोणपाट अंथरले तर गच्चीची फरशी मुळांना भाजत नाही. पण परळ पाण्याच्या ताटलीत कायमचा बुडवून ठेवू नये, मुळे कुजतात. भरदुपारी पान मलूल दिसले म्हणून धावत जाऊन पाणी घालणारेही झाड मारतात. संध्याकाळपर्यंत थांबावे, ते पुष्कळदा आपोआप सावरते.

छाटणीचे गणित सोपे. नव्या फांदीला सहा-सात पाने आली की दोन-तीन ठेवून कापावी; पाठोपाठ दोन बगलफुटी येतात आणि झाड दाट होते. चीक हाताला लागला तर खाज सुटते, हात धुवावेत. कापल्या जागी काही जणी हळद दाबतात. हळदीचा जिल्हा आपला! त्याने काय साधते ते हळदच जाणे. चीक तसाही गोठतो. फांदी वळवायची तर वायरमनकडून तांब्याची जुनी तार घ्यावी, सैलसर गुंडाळावी, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला पाहावे, कारण खोड फुगते आणि तार सालीत रुतते. काढताना तार उलगडत बसू नये, तुकडे करून काढावी. दर दोन वर्षांनी पावसाच्या सुरुवातीला झाड बाहेर काढून एक तृतीयांश मुळे कापावीत आणि माती बदलावी. पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर कापूसवाल्यांना विचारावे, मिलीबगशी त्यांची जुनी ओळख आहे. मी जुन्या ब्रशने काढते आणि निंबोळी अर्क फवारते.

एवढे वाचून कुणाला वाटेल, काम फार नाही. काम फार नाहीच, पण ते कधी संपत नाही. वॉशिंग्टनच्या बोन्साय संग्रहालयात एक जपानी पाइन आहे. १६२५ पासून ते वाढवले जात आहे. १९४५ च्या ६ ऑगस्टला हिरोशिमावर बाँब पडला तेव्हा ते तिथल्या यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत, स्फोटापासून जेमतेम तीन-साडेतीन किलोमीटरवर होते. उंच भिंतीच्या आडोशाने वाचले. १९७६ मध्ये मासारू यामाकी यांनी ते अमेरिकेला, ज्या देशाने बाँब टाकला त्याच देशाला, भेट दिले आणि त्या वेळी बाँबचा विषयही काढला नाही. २००१ मध्ये त्यांचे नातू झाड पाहायला गेले तेव्हा तिथल्या लोकांना ही हकीगत कळली. मी हे वाचले तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न बाँबचा आला नाही. सहा ऑगस्टच्या त्या संध्याकाळी, त्या उकाड्यात, त्या झाडाला पाणी कुणी घातले असेल, हा आला.

कारण आमच्या घरातला वादही तोच आहे. लग्नसराईत चार दिवस बाहेर जायचे तर शेजारच्या वहिनींना किल्ली द्यायची, कोणत्या झाडाला किती ते भिंतीवर खडूने लिहायचे. चार दिवसांचे जमते. माझ्यानंतरचे काय, हे मी मुलाला विचारले. तो पुण्यात सदनिकेत राहतो. ‘‘आई, माझ्या बाल्कनीत सकाळचं ऊन येतं, दोन झाडं मावतील,’’ तो म्हणाला. सूनबाईने चिंच निवडली, आणि दुसरे म्हणून आडाच्या भिंतीतून काढलेला पिंपळ. उरलेल्या नवांपैकी तीन शेजारच्या मुलीने मागितली आहेत. ती अकरावीत आहे, गेल्या वर्षी तिने वटपौर्णिमेची फांदी रुजवली होती. वड फार जड झाला आहे, तो कुठे नेता येणार नाही. बांधावर चिंचेपासून वीस पावलांवर जागा पाहून ठेवली आहे. येत्या मृगात खड्डा घ्यायचा.